लग्नाआधी दुसरं हेअर ट्रान्सप्लांट करून टाकू का?

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढून):

वय २७. मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यात, नोकरी पुण्यात आयटीमध्ये. कॉलेज संपता संपताच कानशिलांवरचे केस मागे सरकायला लागले. वडिलांना आणि धाकट्या काकांना तिशीतच टक्कल पडलेलं. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली, एका ठिकाणाहून मध्यस्थाने 'मुलगा वयाने मोठा वाटतो' असा निरोप आणला, दुसरीकडून नुसता नकार आला. दीड वर्षापूर्वी त्याने १ लाख १० हजारांचं पॅकेज ईएमआयवर घेऊन हेअर ट्रान्सप्लांट केलं, एका दिवसात ३५०० ग्राफ्ट (ग्राफ्ट म्हणजे मुळासकट उचलून लावलेला केसांचा छोटा पुंजका). पुढची लाइन छान आली, काही महिने खूश होता. मग त्या लाइनच्या मागचे स्वतःचे केस जायला लागले, भोवऱ्यापाशी टाळू दिसायला लागली. सलूनमध्ये मशीन फिरवल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले आणि सलूनवाल्याने विचारलं, 'दादा, इथे काय झालं होतं?' तेव्हापासून तो केस कापायलाही जात नाही. ऑफिसला हेअर फायबर (टाळू झाकायला केसांवर टाकायचे काळे बारीक कण) लावून जातो, बाकी वेळ टोपी. मधल्या काळात लग्न ठरलं, साखरपुडा झाला, लग्न फेब्रुवारीत आहे, आणि होणाऱ्या बायकोला यातलं काहीच माहीत नाही. क्लिनिक म्हणतंय दुसरं सेशन घ्या, २५०० ग्राफ्ट, जुन्या पेशंटला ४० टक्के सूट, ऑफर महिनाअखेरपर्यंत. 'ताई, मी मूर्ख आहे, स्वतःच्या हाताने सगळं वाटोळं करून घेतलंय. लग्नाआधी दुसरं सेशन करून टाकू का? आणि तिला सांगू की नको?'

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण तुझ्या डोक्यावर महिनाअखेरची टांगती तलवार आहे. लग्नाआधी नको, अजिबात नको.

आणि हे मी तत्त्वाबित्त्वासाठी म्हणत नाहीये, साधा तारखांचा हिशोब आहे. समजा तू डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सेशन केलंस. पहिले दहा-बारा दिवस खपल्या आणि लाली. मग दोन ते सहा आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळून पडतात, हे तू पहिल्या वेळी अनुभवलंयस. त्याच काळात आजूबाजूचे मूळचे केसही शॉकने गळू शकतात, आणि जे आधीच बारीक झालेले असतात त्यातले काही परत येतही नाहीत. नवीन केस दिसायला लागतात तीन-चार महिन्यांनी, खरा रिझल्ट वर्षाने, भोवऱ्याच्या जागी तर कधी कधी वर्ष-दीड वर्षाने. म्हणजे फेब्रुवारीत तू बोहल्यावर उभा राहशील तेव्हा आज आहेत त्यापेक्षाही कमी केस घेऊन उभा राहशील. तुझ्या लग्नाची तारीख माहीत असूनही ज्यांनी तुला 'लग्नाआधी उरकून टाका सर' सांगितलं त्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता तुझं ते 'मी मूर्ख आहे'. पत्रात हा शब्द चार वेळा आलाय म्हणून त्यावर थांबते. तुझं ऑपरेशन फसलेलं नाही रे. लावलेले केस उगवले, लाइन चांगली आली, तू स्वतःच लिहिलंयस. फसलंय ते त्याच्या आधीचं प्लॅनिंग, आणि ते तुझं काम नव्हतं, डॉक्टरचं होतं. पंचविशीतला मुलगा, घरात वडिलांना आणि काकांना तिशीतलं टक्कल, केस अजून जातच आहेत, अशा माणसाला समोर बसवून कोणीतरी सांगायला हवं होतं की बाबा तुझी गळती अजून थांबलेली नाही, आधी वर्षभर औषध घेऊन ती कुठे स्थिर होते ते बघू, मग ऑपरेशनचं बोलू. तुझ्या पत्रावरून दिसतंय की तुला पहिल्या भेटीत डॉक्टर भेटलेच नाहीत, काउन्सिलर भेटली, तिने टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, पेनने कपाळावर लाइन काढली आणि त्याच दिवशी पाच हजार टोकन घेतलं. हे वर्णन मी इतक्या पत्रांमध्ये वाचलंय की गावाचं नाव फक्त बदलतं.

नक्की काय झालं ते समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डोक्याच्या मागच्या आणि कानांच्या वरच्या पट्ट्यातले केस टक्कल पाडणाऱ्या डीएचटी नावाच्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत, म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या माणसालाही मागे केसांची झालर राहते. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये हे मांडलं की मागचा केस उचलून पुढे लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही, तिथेही टिकतो. सगळं हेअर ट्रान्सप्लांट या एका गोष्टीवर उभं आहे. पण याचीच दुसरी बाजू कोणी मोठ्याने सांगत नाही, की लावलेले केस टिकतात आणि त्यांच्या मागचे तुझे मूळचे केस मात्र त्यांच्या ठरलेल्या वेळापत्रकाने जातच राहतात. ऑपरेशनने टक्कल थांबत नाही, फक्त असलेले केस इकडचे तिकडे होतात. म्हणून आज तुला पुढे दाट पट्टा आणि मागे मोकळी जागा दिसतेय. तू लिहिलंयस की क्लिनिकने फिनास्टेराइडच्या गोळ्या दिल्या होत्या पण मित्र म्हणाला 'पुढे प्रॉब्लेम येतो' म्हणून तीन महिन्यांत बंद केल्यास. त्या कशासाठी होत्या हे तुला कोणी सांगितलंच नव्हतं, तुला वाटलं ऑपरेशननंतरच्या कोर्सचा भाग असेल. त्या होत्या तुझे मागचे केस वाचवण्यासाठी.

दुसरा हिशोब ग्राफ्टचा, आणि हा तुझ्यासारख्या प्रत्येकाने टोकन देण्याआधी करावा. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार, सरासरी दोनच्या आसपास. म्हणजे ३५०० ग्राफ्ट म्हणजे जेमतेम सात-आठ हजार केस, तेवढ्यात कपाळापासून भोवऱ्यापर्यंत शाळेतल्यासारखं दाट होणं शक्यच नाही, ते फक्त हुशारीने पसरून दाट असल्यासारखं दाखवता येतं. आणि मागून आयुष्यभरात मिळून बऱ्याच जणांचे पाच ते सात हजार ग्राफ्ट निघतात, काहींचे त्याहून कमी. हे मुद्दल आहे, याला व्याज नाही, काढलं तेवढं कायमचं कमी झालं. तुझे ३५०० गेलेत. ठिपके आत्ताच दिसायला लागलेत म्हणजे एकतर एकाच भागातून जास्त उचललेत किंवा तुझा मागचा भाग मुळातच फार दाट नाही. त्यातून अजून २५०० काढले तर उरलेल्या आयुष्यासाठी जवळजवळ काहीच शिल्लक राहणार नाही, वय २७, आणि काकांच्या डोक्याकडे बघितलंस तर गळती कुठपर्यंत जाऊ शकते हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

ट्रान्सप्लांट करून पस्तावणारा तू एकटा नाहीस. या विषयावरची पत्रं वाचताना एक जाणवतं, की पस्तावण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाला उत्तर वेगळं आहे.

काही जण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लिहितात, 'सगळे केस गळले, मला फसवलं'. त्यांना मी एवढंच सांगते की थांबा, हा काळ सगळ्यांचाच असा जातो, वर्ष होईपर्यंत आरशाला निकाल मागू नका. काही जणांनी बाविसाव्या वर्षी हट्टाने लाइन खाली घेतलेली असते, सोळा वर्षांच्या मुलासारखी सरळ आणि गोल, ती चाळिशीत चेहऱ्याला शोभत नाही आणि तोवर मागे काही उरलेलं नसतं. काही जण स्वस्त पॅकेज बघून परदेशात जातात, दुबईत किंवा युरोपात नोकरी करणारी आपली मुलं तीन दिवसांच्या सुट्टीत इस्तंबूल गाठतात, विमानतळावरून गाडी, हॉटेल, सगळं त्यात, आणि परत आल्यावर काही बिनसलं तर विचारायला समोर कोणी नसतं.

मग काही जणांचं, आणि यात बायकाही आल्या, ऑपरेशन मुळात लागतच नव्हतं. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं आजारपण, पटकन उतरवलेलं वजन, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठ मूठ गळतात आणि बहुतेक वेळा सहा-नऊ महिन्यांत आपोआप परत येतात. थायरॉइड किंवा अंगातलं लोह कमी असेल तर आधी त्यावर औषध हवं. रक्ताची साधी तपासणी न करता जो थेट ग्राफ्टचा आकडा सांगतो त्याच्याकडून उठून यावं. आणि ज्यांचे मागचे केसही पातळच होतायत त्यांच्यावर तर हे ऑपरेशन करूच नये, कारण तिथून उचललेला केस पुढे जाऊनही गळणारच.

आणि एक प्रकार असा, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. रिझल्ट चांगला आलेला असतो, घरचे म्हणतात छान दिसतोय, पण त्या माणसाला आरशात दर वेळी काहीतरी खोट दिसते. रोज तासन् तास फोटो काढून झूम करणं, बाहेर जाणं बंद, एका क्लिनिकमधून दुसऱ्या क्लिनिकमध्ये. तिथे दुखणं केसांचं उरलेलं नसतं आणि कितीही ऑपरेशनं केली तरी समाधान होत नाही, तिथे मनोविकारतज्ज्ञच लागतो. तुझं तसं आहे असं मी म्हणत नाही, तुझे ठिपके खरे आहेत. पण सात महिने सलूनमध्ये न जाणं, मित्रांच्या ट्रिपला नाही म्हणणं, रात्री टोपी घालून झोपणं, हे वाढत गेलं तर एकट्याने सोसत बसू नकोस. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आता तू काय करायचंस ते. सगळ्यात आधी गळती थांबवायची, कारण ती चालू असताना बाकी काहीही केलं तरी दोन वर्षांनी तू परत इथेच येशील. यासाठी त्वचारोगतज्ज्ञ गाठ, एमडी किंवा डीएनबी झालेले, आणि शक्यतो असे जे स्वतः ट्रान्सप्लांट विकत नाहीत. ते लेन्सने टाळू बघतील, मागच्या भागात खरंच किती शिल्लक आहे ते सांगतील. बहुधा मिनॉक्सिडिल (केस वाढायला मदत करणारं औषध) आणि फिनास्टेराइडबद्दल बोलतील. फिनास्टेराइडबद्दल मित्र जे म्हणाला ते पूर्ण खोटं नाही. थोड्या लोकांना लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरतेचा त्रास असं होतं, बहुतेकांचं औषध बंद केल्यावर जातं पण काहींनी त्यानंतरही राहिल्याची तक्रार केलीय. युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये या गोळीच्या दुष्परिणामांमध्ये आत्महत्येचे विचार येऊ शकतात हेही पक्कं धरलंय. तुझी आत्ताची मनःस्थिती बघता ही गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांग, लपवू नकोस, मग घ्यायचं की नाही ते दोघं मिळून ठरवा. घेतलंस तर फरक कळायलाच सहा महिने-वर्षभर नेमाने घ्यावं लागेल, आणि पुढेही चालू ठेवावं लागेल, सोडलंस की फायदा जातो. पुढे मूल हवं असेल तेव्हाही हे औषध चालू आहे हे डॉक्टरांच्या कानावर घाल. मिनॉक्सिडिलने पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, त्याला घाबरून बंद करू नकोस.

मागच्या ठिपक्यांसाठी स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन नावाचा प्रकार आहे, टाळूत सुईने अगदी बारीक रंगाचे ठिपके भरतात, त्यामुळे पांढरं दिसत नाही. कायमचं नसतं, काही वर्षांनी फिकं होतं, परत करावं लागतं, पण यात एकही केस खर्च होत नाही. चांगल्या हाताने केलं तर जवळून बघितल्याशिवाय कळत नाही आणि वाईट हाताने केलं तर निळसर डाग दिसतात, म्हणून आधी केलेल्या लोकांची डोकी प्रत्यक्ष बघ, फोटो नको. लग्नाआधी काही करायचंच असेल तर हे बसू शकतं, पण दोन-तीन सिटिंग लागतात, त्यामुळे जानेवारीच्या मध्याआधी संपायला हवं.

केस कापण्याबद्दल. तू वरचे केस लांब ठेवून मागे फिरवतोयस, त्याने फरक अजून उठून दिसतो. एखाद्या चांगल्या सलूनवाल्याला टोपी काढून सगळं खरं सांग. तो रोज पन्नास डोकी बघतो, त्याच्यासाठी यात नवल काही नाही, त्या दिवशी त्याने विचारलं ते काळजीने विचारलं असेल हेही शक्य आहे ना? मागे फार बारीक मशीन न लावता तीन-चार नंबर ठेवला तर ठिपके झाकले जातात, आणि वरचे केस आखूड केले की पुढचा पट्टा आणि मागची मोकळी जागा यातला फरक कमी होतो. पूर्ण झिरो मारण्याचा पर्याय तुझ्यासाठी आज तितका सोपा राहिलेला नाही, ठिपक्यांमुळे, पण पिगमेंटेशननंतर तोही मोकळा होतो.

दुसरं ऑपरेशन कधीच नाही असं मी म्हणत नाही. वर्ष-दीड वर्ष औषधाने गळती थांबली, मागे पुरेसं शिल्लक आहे असं दोन वेगळ्या डॉक्टरांनी सांगितलं, तर भोवऱ्यासाठी थोडे ग्राफ्ट किंवा दाढीचे केस वापरून काम होऊ शकतं. दाढीचे केस जाड असतात, पुढे लावले तर वेगळे दिसतात, मधे मिसळले तर भरावाला चालतात. आणि ज्यांची लाइन फार खाली आलीय त्यांच्यासाठी सांगते, पुढचे ग्राफ्ट काढून मागे परत लावता येतात, अवघड काम आहे पण होतं.

तेव्हा मात्र कोण करणार हे बघ. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे हेअर ट्रान्सप्लांटसाठी पुरेसं ट्रेनिंग नाही, सर्जरीचं रीतसर शिक्षण झालेला डॉक्टर हवा, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा अशा शस्त्रक्रिया शिकलेला त्वचारोगतज्ज्ञ. हे फक्त कागदावरचं नाही. २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर तीव्र रिअ‍ॅक्शन येऊन मृत्यू झाला. २०२५ मध्ये कानपूरमध्ये एका इंजिनिअरचा जीव गेला, तिथे क्लिनिक चालवणारी व्यक्ती दातांची डॉक्टर होती. असं क्वचित होतं, पण इतकी तासन् तास भुलीची इंजेक्शनं घ्यायची तर समोर ऑक्सिजन आणि तातडीची औषधं आहेत का, आणि ती वापरता येणारा माणूस दिवसभर हजर आहे का, हे विचारायला लाज वाटायचं कारण नाही. आणखी एक विचार, छिद्रं पाडणं आणि ग्राफ्ट काढणं डॉक्टर स्वतः करणार की टेक्निशियन? उत्तर गोलमोल आलं तर तेच उत्तर समज.

पैशांचं बोलू, कारण तुझा ईएमआय अजून चालू आहे. क्लिनिककडे लेखी अर्ज करून तुझी सगळी कागदपत्रं माग: किती ग्राफ्ट काढले, कोणी काढले, संमतीपत्र, आधीचे फोटो. पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यावं असा नियम आहे. फॉर्मवरच्या डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपास. केस पातळ होणं हा निसर्गाचा भाग, त्यासाठी कोणी दोषी ठरेलच असं नाही, पण गळती चालू राहणार आहे हे सांगितलंच नसेल किंवा डॉक्टरऐवजी भलत्यानेच ऑपरेशन केलं असेल तर गोष्ट वेगळी. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय, जिल्हा ग्राहक आयोगात तू राहतोस तिथे तक्रार करता येते, सुरुवातीला १९१५ या हेल्पलाइनवर विचार. मुदत साधारण दोन वर्षांची असते आणि तुझं दीड वर्ष झालंय, त्यामुळे तक्रार करो न करो, कागद आत्ताच हातात घे.

आता तिचं. तू विचारतोयस सांगू का नको, आणि प्रश्नाच्या मागे तू आधीच ठरवून टाकलंयस की सांगितलं तर लग्न मोडेल. असं का वाटतं? मध्यस्थाच्या त्या एका वाक्यावरून? दोन नकार आले, त्यातल्या एकाचं कारण तुला माहीतच नाही, पण तुझ्या डोक्यात दोन्ही केसांच्या खात्यात जमा झाले. मुली किंवा त्यांच्या घरचे टकलावरून नकार देत नाहीत असं मी तुला खोटं सांगणार नाही, देतात, बायोडेटा बघतानाच देतात, आणि ते लागतं. पण ही मुलगी तुला भेटलीय, तुझ्याशी चार महिने रोज बोलतेय, तिने तुझ्या वडिलांनाही बघितलंय. टक्कल तुमच्या घरात आहे हे तिला आणि तिच्या आईला कांदेपोह्यांच्या दिवशीच कळलं असणार.

माझं मत 'सांग' असंच आहे. तू काही गुन्हा केलायस म्हणून नाही, दात सरळ करून घेतलेला माणूस त्याची घोषणा करत नाही आणि ट्रान्सप्लांटही तशी तुझी खाजगी गोष्ट आहे. पण तुझ्या बाबतीत तीन गोष्टी तिच्या आयुष्याला थेट लागतात: चालू असलेलं कर्ज, रोजची गोळी घ्यायची ठरली तर ती, आणि तू रोज सकाळी दार लावून अर्धा तास जे करतोस ते. एका खोलीत राहायला लागल्यावर उशीच्या अभ्र्यावर ते काळे कण पहिल्याच आठवड्यात दिसणार. तेव्हा तिने विचारण्यापेक्षा आत्ता तू सांगितलेलं बरं. आणि लग्नाच्या आधी हळद आहे, हे तुझ्या डोक्यात आलंय का? तेल, हळद, डोक्यावरून पाणी, घरचे सगळे समोर. फायबर त्यात टिकणार नाही. त्या दिवशी आतून थरथरत बसण्यापेक्षा महिनाभर आधीपासून फायबर कमी करत जा आणि आखूड केसांची लोकांना सवय होऊ दे. लग्नात फेटा आहेच, त्यामुळे फोटोंची फार काळजी करू नकोस.

सांगताना फोनवर किंवा मेसेजवर नको, भेटून. लांबलचक प्रस्तावनाही नको, नाहीतर ती बिचारी भलतंच काहीतरी समजेल. 'दीड वर्षापूर्वी मी केसांचं ऑपरेशन केलं, मागचे केस अजून जातायत, त्याचे एवढे हप्ते बाकी आहेत, तुला माहीत असावं म्हणून सांगतोय', इतकं पुरे. मग तिला बोलू दे. ती दोन दिवस गप्प राहिली तर लगेच नकार समजू नकोस, तिला राग आला तर तो बहुधा लपवल्याचा असेल, केसांचा नसेल, आणि त्यावर माफी मागता येते. घरच्यांना सांगायचं की नाही हे मग तुम्ही दोघं ठरवा. समजा एवढ्यावरून तिने खरंच नाही म्हटलं तर तुला फार दुखेल हे मला कळतं, पण तिच्यापासून लपवून लग्न केलं असतंस तर आयुष्यभर रोज सकाळी अर्धा तास दार लावून बसावं लागलं असतं.

क्लिनिकचा मेसेज आलाय ना 'सर स्लॉट होल्ड करू का' म्हणून, त्याला आज एवढंच उत्तर टाक: सध्या सेशन करायचं नाही, माझं पूर्ण रेकॉर्ड लेखी हवंय, अर्ज सोबत जोडलाय. फोन आला तर उचलू नकोस, जे असेल ते लेखीच होऊ दे. मग त्वचारोगतज्ज्ञाची अपॉइंटमेंट घे, जाताना आधीचे फोटो, त्या गोळ्यांची चिठ्ठी आणि जमलं तर वडिलांचा-काकांचा तिशीतला एखादा फोटो घेऊन जा, आणि ते काय म्हणाले ते मला नक्की कळव.